दोन पोती, एक ड्रम: बुजलेल्या ड्रिपरचं प्रकरण

निफाड तालुक्यात माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. गोडी बहाराची छाटणी होऊन चाळीसेक दिवस झाले होते, नोव्हेंबरची थंडी पडायला लागली होती, आणि एका सकाळी दादाचा फोन आला. "तुमच्या कॉलेजात खत तपासून मिळतं का गं? मला भेसळीचा माल लागलाय."

मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. खत तपासायची अधिकृत सोय आमच्याकडे नाही. पण बारावीच्या सॉल्ट ॲनालिसिसची कपाटभर रसायनं आहेत, आणि रविवार मोकळा होता. गेले.

तक्रार अशी होती. एका एकराच्या प्लॉटमध्ये ओळींच्या शेवटच्या वेलींना पाणी पुरत नव्हतं. दादाने ड्रिपरखाली मापं ठेवून बघितली होती. ताशी ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत १ लिटर द्यायला हवा. ओळीच्या सुरुवातीला तेवढं येत होतं, शेवटाला जेमतेम ३५० मिली. लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या ड्रिपच्या नळीचं, टोक उघडून पाणी सोडलं तर आधी ओल्या खडूसारखं पांढरं काहीतरी बाहेर पडायचं आणि मग पाणी.

त्या महिन्यात ड्रिपमधून दोनच खतं गेली होती: १२:६१:००, म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट, आणि कॅल्शियम नायट्रेट. दोन्ही प्रत्येकी ५ किलो, २०० लिटरच्या एकाच ड्रममध्ये, तीन वेळा. एकत्र का, तर लाइटमुळे. शेतीची थ्री-फेज वीज त्या आठवड्यांत रात्रीची होती. एक ड्रम संपवून, लाइन धुऊन, थंडीत पुन्हा उठून दुसरा ड्रम कालवायचा म्हणजे रात्र गेलीच. माणसाने दोन्ही पोती एकदम ओतली यात मला आळस दिसत नाही.

दादाने स्वतःचा तपासही केला होता, आणि तो चांगला होता. दोन्ही पोत्यांतलं मूठ-मूठ खत वेगवेगळ्या बादलीत टाकून ढवळलं. दोन्ही बादल्या काचेसारख्या स्वच्छ. पोत्यावर लिहिलंय, शंभर टक्के पाण्यात विद्राव्य. मग लॅटरलमध्ये न विरघळलेलं आलं कुठून? त्याचा निष्कर्ष: पोत्याच्या तळाला दुसरंच काही भरलेलं असणार.

बांधावरच्या बाटल्या

मी कॉलेजातून डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन नेला होता. विहिरीचं पाणी मुद्दाम टाळलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना रोज सांगते तर स्वतः पाळायला हवं. ड्रममधलं प्रमाण लिटरला २५ ग्रॅम होतं. म्हणून एका बाटलीत १२:६१:०० चं दुप्पट तीव्र द्रावण, दुसरीत कॅल्शियम नायट्रेटचं दुप्पट तीव्र, आणि मग तिसऱ्या बाटलीत दोन्ही निम्मं-निम्मं. पहिल्या दोन बाटल्या आरपार दिसत होत्या. तिसरी थोड्या वेळाने तांदळाच्या धुवणासारखी झाली.

दादा बाटलीकडे बघत राहिला. "म्हणजे माल खरा आहे?"

माल खरा होता. भेसळ नव्हती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली. सामूची, म्हणजे पीएचची पट्टी बुडवली तर १२:६१:०० च्या बाटलीत साडेचारच्या आसपास रंग आला, कॅल्शियम नायट्रेटच्या बाटलीत सहाच्या जवळ. मिसळलेली बाटली मात्र चारच्याही खाली. दोन द्रावणं एकत्र केली आणि मिश्रण दोघांपेक्षाही आंबट निघालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लॅटरलमधला पांढरा गाळ डबीत भरून सोमवारी प्रयोगशाळेत नेला. अकरावीच्या बॅचला म्हटलं, आजचा अज्ञात क्षार पुस्तकातला नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर बहुतेक गाळ विरघळला, पण फसफसला नाही. म्हणजे त्यात कार्बोनेट फारसं नाही. नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घालून कोमट केलं, तर कॅनरी पक्ष्यासारखा पिवळा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून बाहेर पडलेला गाळ: फॉस्फेट. दुसऱ्या परीक्षानळीत सोडियम ॲसिटेट घालून आम्लाची धार कमी केली आणि अमोनियम ऑक्झलेटचे थेंब सोडले. पांढरा अवक्षेप: कॅल्शियम. बुन्सेनच्या ज्योतीत विटकरी लाल झाक दिसली, तिने उरलेली शंकाही गेली.

कॅल्शियम एका पोत्यातला, फॉस्फेट दुसऱ्या पोत्यातला.

विरघळतं म्हणजे नेमकं काय होतं

इथे मुलांचा, आणि दादाचाही, एकच घोळ होता. साखर पाण्यात टाकली की ती 'दिसेनाशी होते', पण साखरच राहते. त्यामुळे मनात चित्र असं बसतं की कॅल्शियम नायट्रेट विरघळलं की ते पाण्यात बारीक होऊन, कॅल्शियम नायट्रेट म्हणूनच हिंडत असतं. तसं नसतं. क्षाराच्या स्फटिकात धन आणि ऋण आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, एकमेकांना धरून असतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची बाजू किंचित धन. हे रेणू स्फटिकाच्या कडेने आयनांना घेरतात, धन आयनाकडे ऑक्सिजनचं तोंड करून, ऋण आयनाकडे हायड्रोजनचं. घेरलेला आयन सुटतो आणि पाण्याचं कवच अंगावर घेऊन एकटा हिंडतो. आता त्याचा जुना जोडीदार कोण होता, याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून दादाच्या ड्रममध्ये '१२:६१:००' नव्हतं आणि 'कॅल्शियम नायट्रेट'ही नव्हतं. पोत्यांवरची नावं ड्रमच्या काठापर्यंतच खरी. आत होते कॅल्शियम, नायट्रेट, अमोनियम आणि डायहायड्रोजन फॉस्फेट, चार सुटे आयन. नायट्रेट कुणाशीही जुळला तरी पाण्यात राहतो. अमोनियमचंही जवळपास तसंच. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की मात्र एकमेकांना असे धरतात की पाण्याला सोडवता येत नाहीत.

का, हे मुलांनी विचारलंच. सोपं उत्तर: दोघांवरचा प्रभार मोठा असला की ओढ मोठी. हे उत्तर मी देते आणि लगेच मागे घेते, कारण मॅग्नेशियम सल्फेटवरही दोन्हीकडे दुहेरी प्रभार आहे आणि त्याचं सात पाण्याचं स्फटिकी रूप २० अंशांना १०० मिली पाण्यात १०० ग्रॅमच्याही वर विरघळतं. मॅग्नेशियमचा आयन इतका लहान की पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात. तिथे पाण्याची ओढ जिंकते. कॅल्शियम थोडा मोठा, आणि कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, लिटरला अडीच ग्रॅमपलीकडे जात नाही. स्फटिकाची ओढ एकीकडे, पाण्याची दुसरीकडे, आणि निकाल दर जोडीचा वेगळा. म्हणूनच विद्राव्यतेचे नियम पाठ करावे लागतात. मला स्वतःला पाठांतर आवडत नाही, पण इथे त्याला पर्याय शोधून सापडलेला नाही.

बागायतदारांच्या घरची मुलं असली की वर्ग एकतर्फी राहत नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा ईसी मीटर बिघडलाय. युरिया टाकला तर आकडा हलतच नाही." ईसी मीटर म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र. तो बिघडलेला नव्हता. युरिया साखरेसारखाच अख्खा रेणू म्हणून विरघळतो. पाण्याशी त्याचे हायड्रोजन बंध होतात, पण आयन तयार होत नाहीत. विजेचा प्रवाह वाहून न्यायला प्रभार हवा. ईसी मीटर पाण्यातलं खत मोजत नाही, आयन मोजतो. दुसऱ्याने सांगितलं की १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, टाकलं की ड्रम बाहेरून गार पडतो. तेही बरोबर. पोटॅशियम नायट्रेटचा स्फटिक मोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी आयनांभोवती पाणी जमताना परत मिळत नाही. उरलेली पाण्यातूनच घेतली जाते. मोलला सुमारे ३५ किलोज्यूल. १० किलो खत १०० लिटर पाण्यात टाकलं तर हिशेबाने पाणी ८ अंशांनी उतरतं. निफाडच्या डिसेंबरात, आधीच गार पाण्यात, हे त्रासाचं ठरतं, कारण याच क्षाराची विद्राव्यता २० अंशांना १०० मिलीत ३१ ग्रॅमच्या वर आणि शून्याला १३ ग्रॅम. खत स्वतःच पाणी गार करतं आणि स्वतःची जागा कमी करतं. पहाटे ड्रमच्या तळाला उरलेले खडे दुपारी दिसत नाहीत, ते यामुळे.

माझं भाकीत जिथे चुकलं

वर्गात फळ्यावर समीकरण लिहिलं आणि मी ठामपणे म्हणाले, ड्रममध्ये सगळं कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसलं असणार. मागच्या बाकावरून प्रश्न आला: मग काका ते ड्रमच्या तळाशी बघणार नाहीत का? लाइनमध्ये कसं गेलं?

दादाला विचारलं. ड्रम दुधाळ दिसायचा, पण जाड साका नव्हता. "ढवळलं की कालवल्यासारखं दिसतं, मला वाटलं फेस असेल."

उत्तर त्या पट्टीत होतं. डायहायड्रोजन फॉस्फेट, नावाप्रमाणे, दोन हायड्रोजन बाळगून असतो. कॅल्शियमशी जुळून स्फटिक होताना तो त्यातला एक सोडून देतो. म्हणजे जसजसा अवक्षेप पडतो तसतसं पाणी आंबट होत जातं. आणि आंबट पाण्यात फॉस्फेट आपले हायड्रोजन सोडायला नाखूश असतो, म्हणून अवक्षेप पडणं मंदावतं. काही भाग बाहेर पडून ड्रम असा स्वतःच्याच आम्लाने थांबला होता. उरलेलं कॅल्शियम आणि उरलेलं फॉस्फेट निवळीत एकत्र, पाणी पुन्हा आंबटपणा गमावेल याची वाट बघत.

ते पाणी व्हेंच्युरीतून, म्हणजे ड्रममधलं द्रावण लाइनमध्ये ओढून घेणाऱ्या जोडणीतून, लाइनमध्ये गेलं आणि तिथे विहिरीच्या पाण्यात मिसळलं. आमच्याकडची विहीर बेसॉल्टच्या काळ्या खडकातली. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याचं सौम्य आम्ल खडकातलं आणि चुनखडीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवतं, आणि पाणी बायकार्बोनेट घेऊन वर येतं. बायकार्बोनेट आम्ल खातं. ड्रमला थांबवून धरणारा आंबटपणा लाइनमध्ये काही क्षणांत संपला, आणि राहिलेला अवक्षेप तिथे, फिल्टरच्या पलीकडे पडायला लागला. जाळीचा फिल्टर त्याला अडवणार कसा? फिल्टरमधून जाताना तो पाण्यात विरघळलेलाच होता.

ओळीच्या शेवटालाच त्रास का, हेही यातून उलगडलं. पाण्याला वेळ मिळतो तिथे स्फटिक वाढतात, आणि वेग मंद होतो तिथे बसतात.

पहिला उपाय, आणि तो अपुरा का पडला

उपाय दोन केले. एक, लाइन धुणं. ड्रिपला आम्ल देण्याची पद्धत बागायतदारांना ठाऊक असते; फक्त किती आम्ल, हे अंदाजाने ठरतं. आम्ही विहिरीचं १ लिटर पाणी घेतलं आणि सामू चारपर्यंत येईस्तोवर थेंब मोजत हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. कॉलेजातलं टायट्रेशन, फक्त ब्युरेटऐवजी ड्रॉपर. त्या मापाने लाइनभर आम्लाचं पाणी भरून एक दिवस बंद ठेवलं आणि मग सबमेन (लॅटरलना पाणी देणारा पाइप) आणि लॅटरलची टोकं उघडून धुतलं. फॉस्फोरिक नको म्हटलं, कारण फॉस्फेटच वाढवायचं नव्हतं. सल्फ्युरिकही नको, कॅल्शियम भरपूर असेल तिथे जिप्समची भीती. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही हे दादाने बरोबर काढलं, पण वर्षातून एकदा, आणि टोकांतून वाहून जाणारं, म्हणून चालवून घेतलं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे मी तीनदा सांगितलं. तो वैतागला, पण सांगितलं.

दोन, खतं वेगळ्या दिवशी. सोमवारी एक, गुरुवारी दुसरं.

पंधरा मिनिटांच्या मापात पुन्हा ९०० मिलीच्या वर पाणी येऊ लागलं. प्रकरण मिटलं असं मी वर्गात जाहीरही केलं.

तीन आठवड्यांनी दादाचा फोन. "कॅल्शियम थांबवलंय गं मी. नुसतं १२:६१ सोडतोय. तरी टोकाला पांढरं येतंय, थोडंच, पण येतंय."

यावर मी जरा गप्पच झाले. मग नुसत्या १२:६१:०० चं पातळ द्रावण दोन ग्लासांत केलं, एक डिस्टिल्ड पाण्यात, एक विहिरीच्या. रात्रभर ठेवले. सकाळी पहिला ग्लास स्वच्छ, दुसऱ्याच्या तळाला बारीक पांढरा थर. कॅल्शियमचं पोतं बंद होतं, पण कॅल्शियम येतच होतं.

मग विहिरीच्या पाण्याचं ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायची चाचणी, केलं, जे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. एकूण कठीणपणा लिटरला ४६० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. त्यातला ३०० कॅल्शियमचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं, म्हणजे हे काही अचाट पाणी नव्हे. त्या भागात असंच असतं. वहिनी म्हणतातच, या पाण्यात डाळ शिजत नाही आणि हीटरच्या कॉइलवर दर महिन्याला पापुद्रा धरतो.

खरा धक्का पुढच्या गुणाकारात होता. ३०० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या हिशेबातलं म्हणजे प्रत्यक्षात १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. एका रात्रीत त्या एकराला १५,००० लिटर पाणी जातं. १५,००० गुणिले १२० मिलिग्रॅम: १.८ किलो कॅल्शियम. आणि ५ किलो कॅल्शियम नायट्रेटमध्ये, १८.८ टक्क्यांनी, ०.९४ किलो. आम्ही जे पोतं गुन्हेगार म्हणून बाजूला ठेवलं, त्याच्या जवळपास दुप्पट कॅल्शियम विहीर दर भरणीला फुकट ओतत होती.

म्हणजे पहिलं निदान खोटं नव्हतं. ड्रममधल्या तीव्र द्रावणात पोत्यानेच घोळ घातला होता. पण मी पाण्याला नुसतं 'पाणी' समजले. बाटल्यांच्या प्रयोगात विहीर वगळली ते बरोबरच होतं. चूक ही की नंतर तिला परत आत घेतलंच नाही. फळ्यावर आपण बाणावर 'पाणी' लिहितो आणि पुढे जातो. शेतातलं पाणी हे चार-पाच क्षारांचं तयार द्रावण असतं, आणि आपण त्यात पाचवा-सहावा क्षार घालत असतो.

विहीर बाजूला ठेवता येत नाही, पण बायकार्बोनेट मोडता येतं. दादाने फॉस्फेटसाठी १२:६१:०० सोडून १७:४४:०० घेतलं, म्हणजे युरिया फॉस्फेट. ते पाण्यात फॉस्फोरिक आम्लच सोडतं, त्यामुळे खताबरोबर आंबटपणाही जातो. पण ५ किलो १५,००० लिटरमध्ये पसरलं तर त्यातलं आम्ल पुरत नाही. हिशेब केला तर ते सुमारे ५,००० लिटरमधल्या बायकार्बोनेटला तोंड देऊ शकतं. म्हणून खत सबंध रात्रभर न सोडता भरणीच्या मधल्या टप्प्यातच सोडायचं, आणि नंतर किमान अर्धा तास नुसतं पाणी चालवून लाइन रिकामी करायची. हे त्याला पटलं, कारण यात उठायचं एकदाच होतं.

टोकाच्या ड्रिपरांवर अजूनही थोडी पांढरी कडा येते. ती मी खरवडून आणली आणि आम्लाचा थेंब टाकला, तर ती फसफसली. हे कार्बोनेट, ड्रिपरच्या तोंडाशी पाणी हवेला लागलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेट टिकत नाही आणि चुना मागे राहतो. याला खताशी देणंघेणं नाही. हंगाम संपल्यावर एकदा आम्ल दिलं की जातो.

सँड फिल्टरशेजारी आता दोन ड्रम आहेत. ऑइल पेंटने एकावर 'क' आणि एकावर 'फ' लिहिलंय.

बांधावरची ती तिसरी बाटली मी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून दिली होती. जानेवारीत एका मुलाने ती हलवली तर आत काहीतरी चमकलं. तळाच्या साक्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तर पातळ, चपट्या पाट्यांसारखे स्फटिक. मुलांच्या वह्यांत, आणि माझ्या फळ्यावरही, अवक्षेपाचं नाव ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असं लिहिलेलं आहे. इतक्या आंबट पाण्यात ते बनणं कठीण. अशा पाण्यात कॅल्शियम हायड्रोजन फॉस्फेट पडतं आणि त्याचेच स्फटिक असे चपटे असतात. पुढच्या तासाला समीकरण खोडून नवं लिहिलं. त्यात उजव्या बाजूला एक सुटा हायड्रोजन आयन आला, आणि दोन महिन्यांपूर्वी पट्टी चारच्या खाली का गेली, हे मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने मी सांगायच्या आत सांगितलं.